ठोका, यमक आणि गोष्ट: जुने हिपहॉप कसे ऐकावे

ठाणे आणि नवी मुंबईत हिपहॉप ऐकणारी तरुण मुले पुष्कळ आहेत, आणि शेजारच्या खोलीतून "ही कसली बडबड चालली आहे" असे विचारणारे पालकही पुष्कळ आहेत. दोघांची अडचण बहुधा एकच असते. शब्द वेगाने येतात, इंग्रजी ओळखीचे असूनही बोली परकी वाटते आणि चाल म्हणावी असे काही हाताला लागत नाही. त्यामुळे मुले बीटवर मान हलवून तिथेच थांबतात आणि पालक दार लावून घेतात. १९८० आणि १९९० च्या दशकांतील ज्या गाण्यांना आज अभिजात म्हटले जाते, त्यांची करामत शब्दांत आहे, आणि ती ऐकू येण्यासाठी इंग्रजीवरील प्रभुत्वापेक्षा ऐकण्याची शिस्त अधिक उपयोगी पडते. त्या शिस्तीचा गाभा इतकाच, की एकच गाणे अनेकदा ऐकावे आणि प्रत्येक वेळी एकाच अंगाकडे कान द्यावा: आधी ठोका, मग यमक, मग बोलणारा कोण आहे ते, आणि या तिन्ही गोष्टी कानात बसल्यावर गोष्टीची रचना.

ठोक्यापासून आरंभ करण्याला कारण आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या करमणुकीच्या खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून तिकीट लावून नाचाचा कार्यक्रम ठेवला, आणि तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क, तबकड्या वाजवायला उभा राहिला. गाणारे थांबतात आणि केवळ ड्रम वाजत राहतात त्या छोट्या तुकड्यावर नाचणारे सर्वाधिक रंगतात हे हर्कने हेरले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी ठेवून तो तुकडा आळीपाळीने वाजवायचा आणि हवा तितका लांबवायचा, ही त्याची युक्ती पुढे हिपहॉपचा पाया ठरली. त्या लांबवलेल्या ठोक्यावर लोकांना चेतवण्यासाठी कोणीतरी बोलू लागले आणि त्या बोलण्यातून रॅप वाढला. शब्द येण्यापूर्वीच ठोका तिथे होता. म्हणून रॅपमधील ओळ कागदावर कितीही साधी दिसली, तरी ती ठोक्याच्या नेमक्या कोणत्या जागी पडते हे ऐकल्याशिवाय तिच्याविषयी मत बनवू नये.

पहिल्या ऐकण्यात शब्दांकडे पूर्ण दुर्लक्ष करावे आणि मांडीवर चार समान ठोके देत राहावे. बहुतेक जुन्या गाण्यांत पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्याच्या आसपास जड ढोल असतो, तर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर ड्रमचा कोरडा, चाबकासारखा आवाज येतो. या चार ठोक्यांचे एक आवर्तन म्हणजे एक बार. रॅपचे कडवे साधारणपणे सोळा बारचे असते; मिनिटाला ९० ठोक्यांची गती धरली, तर असे कडवे सुमारे ४३ सेकंदांत संपते. एवढ्या वेळात एखादे पात्र उभे करायचे, त्याला संकटात टाकायचे आणि बाहेर काढायचे किंवा मारून टाकायचे, हे काम किती अवघड आहे याची कल्पना ठोके मोजल्यावरच येते. तबल्याची सम ओळखण्याची सवय असलेल्यांना हा भाग सोपा जाईल. ज्यांना ती सवय नाही, त्यांनी फक्त स्नेअर पकडावा.

ठोका पक्का झाला, की वाक्य कुठे संपते ते पाहावे. शुगरहिल गँगचे १९७९ मधील 'रॅपर्स डिलाइट' ऐकले, तर जवळजवळ प्रत्येक ओळ बारच्या शेवटी संपते आणि यमक चौथ्या ठोक्यावर नेमाने येऊन बसते. त्यानंतर लगेच एरिक बी. आणि राकिम यांचे १९८७ मधील 'पेड इन फुल' ऐकावे. राकिम सॅक्सोफोन वाजवत असे आणि जॉन कोल्ट्रेन या जाझ वादकाचा आपल्यावर प्रभाव असल्याचे त्याने सांगितले आहे. त्याची वाक्ये बारच्या मध्यावर सुरू होतात, सीमा ओलांडून पुढच्या बारमध्ये शिरतात, आणि यमके ओळीच्या शेवटी येण्याची वाट न पाहता मध्येच दोन-तीनदा वाजून जातात. आवाज मात्र एकदाही चढत नाही. त्या गाण्यात एकच कडवे आहे. खिशात हात घातला तर पैसे नाहीत, पूर्वी लूटमार करून ते मिळवले जात, आता सरळ मार्गाने कमवायचे आहे, आणि मग पाय स्टुडिओकडे वळतात, एवढीच गोष्ट. या दोन गाण्यांमधील आठ वर्षांत रॅपची भाषा बदलली असे माझे मत आहे. ती दोन्ही गाणी लागोपाठ ऐकणे हा त्या बदलाचा इतिहास समजून घेण्याचा सर्वांत जवळचा मार्ग आहे.

हा फरक मराठीत करून पाहिला, तर अधिक लवकर कळतो. उदाहरणादाखल रचलेल्या या दोन ओळी चार ठोक्यांवर म्हणून पाहाव्यात:

कोपरीच्या पुलावरती पुन्हा रांग लांबली
दारामध्ये कुणासाठी आई सांग थांबली

पहिल्या ओळीत ठोके 'को', 'पु', 'पु' आणि 'लां' या अक्षरांवर पडतात, तर दुसऱ्या ओळीत 'दा', 'कु', 'आ' आणि 'थां' यांवर. 'लांबली' आणि 'थांबली' हे यमक चौथ्या ठोक्यावर आहे, म्हणजे स्नेअरच्या जागी. त्याच्या किंचित आधी 'रांग' आणि 'सांग' जुळतात, त्यामुळे एकट्या शब्दाऐवजी शब्दांची सबंध जोडी जोडीला यमक होते. 'पुलावरती' आणि 'कुणासाठी' यांची व्यंजने वेगळी आहेत, तरी उ, आ आणि शेवटचा ई हे स्वर दोन्हींत त्याच क्रमाने येतात. हे पूर्ण यमक नव्हे, कानाला केवळ ओळख पटवणारे स्वरसाम्य आहे, आणि १९९० च्या दशकातील चांगल्या रॅपरांचे बरेचसे काम अशाच साम्यावर चालते. आता दुसरी ओळ म्हणताना 'दारामध्ये'च्या आधी एक ठोका मोकळा सोडावा. सगळे शब्द मागे सरकतात आणि 'थांबली' पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर जाऊन पडते. कान चौथ्या ठोक्यावर यमकाची वाट पाहत असतो, ते तिथे येत नाही, आणि दारात उभ्या असलेल्या आईचे थांबणे ऐकणाऱ्याच्याही वाट्याला येते. रॅपमध्ये ज्याला फ्लो म्हणतात त्याचे एक महत्त्वाचे अंग हेच आहे: गोष्टीत जे घडते ते शब्दाच्या जागेतूनही घडवणे.

यमकांविषयी एक सावधगिरी बाळगावी. शाळेत मोरोपंतांच्या आर्या पाठ कराव्या लागलेल्या वाचकांना यमकाची नशा काय असते हे वेगळे सांगायला नको, आणि त्या नशेत अर्थाची किती ओढाताण होते हेही त्यांना ठाऊक आहे. एका ओळीत आठ यमके बसवली म्हणून कोणी थोर रॅपर ठरत नाही. ओळ ऐकल्यावर स्वतःला विचारावे, की यमकाचा शब्द काढून त्या जागी त्याच अर्थाचा दुसरा शब्द घातला, तर गोष्टीचे काही बिघडेल का. बिघडत असेल, तर यमकाने गोष्टीत नवी माहिती आणली आहे. बिघडत नसेल, तर ती केवळ आतषबाजी आहे. तिचाही आनंद घ्यायला हरकत नाही, पण तिला कथनकौशल्य म्हणू नये.

बोलणारा कोण आहे

रॅपमध्ये 'मी' हा शब्द सतत येतो आणि नवा श्रोता तो 'मी' म्हणजे रॅपरच असे धरून चालतो. मराठी श्रोत्याने तरी ही गल्लत करू नये. एकनाथांच्या भारुडात नवरा नको म्हणणारी बाई बोलते तेव्हा एकनाथांना नवरा नकोसा झाला आहे असे कोणी समजत नाही. सोंग कोणाचे आहे, ते कशासाठी घेतले आहे आणि त्या सोंगाआडून काय सांगितले जात आहे, हे श्रोता आपोआप विचारतो. तेच प्रश्न इथे विचारावेत. अमेरिकेत ही गल्लत न्यायालयांपर्यंत गेली आहे: फौजदारी खटल्यांत आरोपीच्या रॅपच्या ओळी त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचल्या गेल्या आहेत, आणि कलाकृतीचा असा वापर आटोक्यात ठेवण्यासाठी कॅलिफोर्निया राज्याने २०२२ मध्ये कायदा केला.

सोंग ऐकण्याच्या सरावासाठी नोटोरियस बी.आय.जी. ऊर्फ बिगी याच्या 'रेडी टू डाय' या १९९४ च्या अल्बमइतके चांगले साहित्य दुसरे नाही. त्यातील 'वॉर्निंग' हे गाणे एका संभाषणावर उभे आहे. पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी पेजर वाजतो, झोपेतून उठलेला नायक वैतागून फोन लावतो, आणि न्हाव्याच्या दुकानातला पॉप नावाचा ओळखीचा माणूस त्याला सांगतो, की काही माणसे तुला लुटण्याचा बेत करत आहेत. दोन्ही बाजू बिगी एकटाच बोलतो. "तो म्हणाला", "मी म्हणालो" असा आधार तो फारसा घेत नाही. घाई आणि बेफिकिरी यांतील फरकावरूनच कोण बोलतो ते समजते. आणि वेळ पाहा: 'पहाटे' एवढे म्हणूनही भागले असते, पण ५ वाजून ४६ मिनिटे म्हटल्यावर घड्याळाकडे पाहणारा, डोळे चोळणारा माणूस दिसतो. त्याच अल्बममधील 'गिमी द लूट' मध्ये तो दोन दरोडेखोरांचे आवाज काढतो, एक जाड आणि एक पातळ. दुसरा आवाज कोणा वेगळ्या कलाकाराचा आहे असे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हटकून वाटते.

बिगीच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच, मार्च १९९७ मध्ये, आलेल्या 'लाइफ आफ्टर डेथ' वरील 'आय गॉट अ स्टोरी टू टेल' हे गाणे शिकणाऱ्यासाठी फार मोलाचे आहे, कारण त्यात एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते. आधी ती रॅपमध्ये येते: परक्या स्त्रीच्या घरी असताना तिचा जोडीदार अचानक परततो आणि नायक दरोड्याचे नाटक करून निसटतो. नंतर बीट चालूच राहतो आणि बिगी तोच प्रसंग मित्रांच्या टोळक्यात साध्या बोलण्यात रंगवून सांगतो. दोन्ही भाग शेजारी ठेवून पाहावे, की बोलताना कोणते तपशील गळाले, कुठे फुशारकी वाढली, आणि रॅपमध्ये केवळ यमकामुळे कोणत्या गोष्टीला जागा मिळाली. कथनाच्या अभ्यासासाठी याहून तयार धडा शोधूनही सापडणार नाही.

'मी' कधी वस्तूचाही असतो. नाझ या रॅपरच्या १९९६ मधील 'आय गेव्ह यू पॉवर' मध्ये पिस्तूल बोलते. आपल्याकडे शाळेत फाटक्या पुस्तकाचे किंवा पडक्या किल्ल्याचे आत्मवृत्त लिहायला लावतात. इथे तोच प्रकार आहे, पण वस्तूला स्वतःची इच्छा दिली आहे. माणसांना मारण्याला कंटाळलेले ते पिस्तूल ऐन वेळी चाप ओढला तरी चालायचे नाकारते, त्यामुळे त्याचा मालकच मारला जातो, आणि सुटलो असे वाटते न वाटते तोच दुसरा हात त्याला उचलतो. आत्मवृत्ताचा निबंध शेवटी हमखास उपदेशाकडे वळतो. नाझ ते टाळतो.

गोष्टीची रचना

रचना ऐकायला शिकण्यासाठी ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या गटाच्या नावावरील १९८२ चे 'द मेसेज' हे आरंभाचे गाणे असावे, कारण त्याची गती संथ आहे आणि उच्चार स्पष्ट आहेत. ते मुख्यतः ड्यूक बूटी आणि मेली मेल यांनी लिहिले. फुटलेल्या काचा, जिन्यातली घाण, उंदीर, झुरळे, थकलेली देणी अशी वस्तीची पाहणी 'मी'च्या तोंडून चालू असते, आणि शेवटच्या कडव्यात मेली मेल अचानक 'तू' म्हणू लागतो. एक मूल जन्माला येते, कोणाकोणाकडे आदराने पाहत वाढते, शाळा सोडते, तुरुंगात जाते आणि कोठडीत मरते. हा 'तू' गोष्ट ऐकण्याच्या स्थितीत नाही, कारण गोष्ट संपते तेव्हा तो जिवंत नाही. तरीही त्याच्याशी बोलणे चालू आहे. ते कडवे मेली मेलने १९७९ च्या 'सुपररॅपिन' या गाण्यात आधीच म्हटले होते. तिथे ते मौजेच्या गाण्यात हरवून जाते. इथे आधीच्या कडव्यांनी वस्ती उभी केल्यामुळे ते अंगावर येते. शब्द तेच राहूनही शेजार बदलला की गोष्ट कशी बदलते, हे पाहायचे असेल तर दोन्ही गाणी ऐकावीत.

स्लिक रिक याच्या 'चिल्ड्रन्स स्टोरी' वर मात्र अधिक वेळ द्यावा. हे गाणे १९८८ च्या अल्बममधील आहे. लंडनमध्ये जन्मलेल्या रिकची बोलण्याची ढब न्यूयॉर्कच्या इतर रॅपरांपेक्षा वेगळी, थोडी नाटकी आहे आणि तो तिचा पुरेपूर उपयोग करतो. झोपायची वेळ झाली आहे, मुले काकाकडे गोष्ट मागतात, आणि काका परीकथेच्या सुरात एका मुलाची गोष्ट सांगू लागतो, जो दुसऱ्या मुलाच्या नादी लागून लुटालूट करतो. त्यानंतर साध्या वेशातला पोलीस, पाठलाग, पिस्तूल, गर्भवती स्त्रीला ओलीस धरणे आणि तिला सोडून देणे, असे प्रसंग एकामागून एक येतात, पण आवाज अंगाईचा असावा तसाच मऊ राहतो. यमके मुद्दाम साधी, जोडीजोडीने, बालगीतासारखी आहेत. आशय आणि सूर यांतील ही दरी गाण्याचे अर्धे काम करते.

उरलेले अर्धे काम एका छोट्या वाक्यात आहे. संपूर्ण गोष्ट 'तो'ची आहे. मुलगा सतरा वर्षांचा होता आणि पोलिसांनी त्याला गोळी घातली असे सांगताना काका म्हणतो, की त्याची किंकाळी मला अजून ऐकू येते. या एका जागी 'मी' डोकावतो. म्हणजे काका तिथे होता. तो काय करत होता, त्या मुलाला नादी लावणारा दुसरा मुलगा कोण होता, ही गोष्ट तो मुलांना का सांगतो आहे, यांपैकी कशाचेही उत्तर दिलेले नाही, आणि पुढच्याच क्षणी तो हसू नका असे बजावून मुलांना झोपायला सांगतो. हे वाक्य पहिल्या ऐकण्यात निसटते, कारण कान पाठलागात गुंतलेला असतो. म्हणूनच सर्वनामांसाठी एक स्वतंत्र ऐकणे राखून ठेवावे: कागदावर 'मी', 'तू', 'तो' असे तीन रकाने करावेत आणि गाण्यात कोण कधी येतो त्याच्या खुणा कराव्यात. ही रीत शाळकरी वाटेल, पण तिने जेवढे हाती लागते तेवढे दुसऱ्या कोणत्याही रीतीने लागत नाही.

तीच रीत नाझच्या 'वन लव्ह' ला लावावी. १९९४ च्या 'इल्मॅटिक' मधील हे गाणे तुरुंगातील मित्रांना लिहिलेल्या पत्रांचे आहे: बाहेर कोण काय करतो, तुझ्या मुलाचे काय, तुझी माणसे कशी वागतात. तिसऱ्या कडव्यात पत्र सुटते आणि वस्तीतल्या बारा वर्षांच्या मुलाशी झालेली भेट येते, आणि आधीची पत्रे ज्या ठिकाणी गेली त्याच दिशेने हा मुलगा निघाला आहे हे श्रोत्याला कोणी न सांगता समजते. हे लिहिणारा नाझ अल्बम आला तेव्हा वीस वर्षांचा होता.

काही गाण्यांत गोष्टीचे रहस्य शेवटी उघडते. एमसी लाइट हिच्या १९८० च्या दशकातील 'आय क्रॅम टू अंडरस्टँड यू' मध्ये प्रियकर दुरावत जातो, दुसरी कोणी असावी असा संशय वाढतो, आणि ती दुसरी म्हणजे क्रॅक हे मादक द्रव्य निघते. कॉमन याच्या १९९४ मधील 'आय यूज्ड टू लव्ह एच.ई.आर.' मध्ये एका स्त्रीवरील प्रेमाची आणि तिच्या बदलत जाण्याची कहाणी येते, आणि ही स्त्री म्हणजे हिपहॉप हे शेवटच्या ओळीत कळते. अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही युक्ती परकी वाटणार नाही; तिथेही विरहाचे गाणे पुढे संयुक्त महाराष्ट्राचे आणि बाहेर राहिलेल्या मराठी मुलखाचे गाणे होते. फरक असा, की अण्णाभाऊ आपले रूपक सभेत बसलेल्या श्रोत्यांसमोर उलगडत नेतात, तर कॉमन ते झाकून ठेवतो आणि श्रोत्याला पुन्हा आरंभाकडे पाठवतो. दुसऱ्यांदा ऐकताना खुणा दिसू लागतात. ती लॉस एंजेलिसला गेली आणि तिचे वागणे बदलले, या ओळींचा रोख तिकडच्या रॅपकडे आहे हे लक्षात येते. लॉस एंजेलिसचा रॅपर आइस क्यूब याला तो रोख इतका झोंबला, की त्यावर उत्तर-प्रत्युत्तराची गाणी झाली. कला बिघडली हे सांगण्यासाठी बाई बिघडल्याची गोष्ट वापरणे मला स्वतःला रुचत नाही, परंतु रचनेचे कौशल्य नाकारता येत नाही.

आइस क्यूबचेच 'इट वॉज अ गुड डे' हे गाणे जे घडले नाही त्यावर उभे आहे. न्याहारी झाली, बास्केटबॉल खेळून झाले, पोलिसांनी अडवले नाही, ओळखीचे कोणी मेले नाही, बंदूक वापरावी लागली नाही. एखाद्या दिवसाला चांगला म्हणण्यासाठी एवढे नकार मोजावे लागतात, यावरून उरलेले दिवस कसे असतील ते श्रोत्याने जाणायचे आहे. शेवटी तो स्वतःच थबकतो आणि आपण हे काय मनात आणतो आहोत असे म्हणतो, तेव्हा असा दिवस खरोखर झाला का, याचीच शंका येते. एमिनेमच्या 'स्टॅन' विषयी फार लिहिण्याची गरज नाही, ते गाणे बहुतेकांच्या परिचयाचे आहे. त्यातला पत्र लिहिणाऱ्या पेन्सिलीचा आणि पावसाचा आवाज तेवढा कान देऊन ऐकावा.

कागद, स्थळ आणि शिव्या

गाण्याचे शब्द वाचण्याची घाई करू नये. आधी तीन-चार वेळा ऐकावे, जेवढे कळते तेवढे वहीत लिहावे, आणि मग छापील शब्द उघडावेत. जिथे आपले लेखन आणि छापील शब्द वेगळे निघतात, त्या जागा बोलीच्या असतात, आणि त्यांचा अर्थ त्या बोलीच्या कोशातून किंवा जाणकारांच्या टिपांमधून शोधावा. 'जीनियस' सारख्या संकेतस्थळांवर ओळीओळीला टिपा असतात. त्यांपैकी काही उत्तम असतात, तर काहींत चाहत्यांची कल्पनाशक्ती ओळीपेक्षा पुढे धावलेली असते. गाणे स्वतः ज्या अर्थाला आधार देत नाही, तो अर्थ कितीही चमकदार असला तरी सोडून द्यावा.

स्थळांच्या नावांवर मात्र आवर्जून थांबावे. नाझ ज्या क्वीन्सब्रिजचा आहे, ती उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठी सरकारी घरांची वसाहत आहे, आणि १९८० च्या दशकात ती वसाहत व साउथ ब्रॉन्क्स यांच्यात हिपहॉपचा मान कोणाचा यावरून गाण्यांतून जुंपली होती. कळव्याच्या माणसाला सरसकट ठाणेकर म्हटले की काय होते, किंवा घणसोलीच्या मूळ गावातील माणूस आणि शेजारच्या नोडमध्ये सिडकोच्या घरात राहायला आलेला माणूस एकाच नावाच्या जागेविषयी किती वेगळे बोलतात, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना रॅपर आपल्या गल्लीचे नाव इतक्या वेळा का घेतो हे समजावून सांगावे लागणार नाही. नकाशा उघडून ती जागा पाहावी. नदी, पूल, रेल्वे आणि मोठा रस्ता यांच्यात वस्ती कशी अडकली आहे हे पाहिले, की गाण्यातील बऱ्याच ओळींना ठिकाणा मिळतो.

शिव्यांचा प्रश्न घरात येणारच. रेडिओसाठी केलेल्या आवृत्त्यांत शब्द पुसलेले असतात आणि त्यांबरोबर ठोकाही तुटतो, म्हणून अभ्यासासाठी मूळ आवृत्ती हेडफोन लावून ऐकावी आणि घरातील लहान मुलांसमोर ती लावू नये. स्त्रियांविषयी आणि समलिंगी व्यक्तींविषयी त्या काळातील अनेक गाण्यांत जे बोलले गेले आहे, ते केवळ पात्राचे बोलणे आहे अशी सबब प्रत्येक वेळी चालत नाही. पात्र कुठे संपते आणि रॅपरचा स्वतःचा तिरस्कार कुठे सुरू होतो, हे प्रत्येक गाण्यापुरते ठरवावे. एखादे गाणे कौशल्यासाठी मानावे आणि तरी पुन्हा ऐकू नये, असाही निर्णय घेता येतो.

ऐकण्याची जागा आणि वेळ यांचाही परिणाम होतो. ठाणे स्थानकावरून ट्रान्स-हार्बर मार्गाने पनवेलकडे जाणाऱ्या लोकलमध्ये 'इल्मॅटिक' पूर्ण ऐकून होतो, कारण तो चाळीस मिनिटांच्या आत संपतो. पण गाडीच्या खडखडाटात स्नेअर आणि हलकी व्यंजने बुडतात, त्यामुळे प्रवासातील ऐकणे ओळखीच्या गाण्यांसाठी ठेवावे. नवे गाणे रात्री घरी, किंवा सकाळी लवकर उपवन तलावाच्या काठी, रहदारी वाढण्यापूर्वी ऐकावे. शक्य असेल तर दोघा-तिघांनी मिळून ऐकावे आणि प्रत्येकाने वेगळे काम घ्यावे, एकाने ठोके मोजावेत, दुसऱ्याने यमके टिपावीत, तिसऱ्याने पात्रे. घरात कीर्तन किंवा पोवाडा ऐकत वाढलेले आजोबा असतील, तर त्यांना यात जरूर बसवावे. उत्तररंगात आख्यान रंगवताना कीर्तनकार आवाज कसा बदलतो हे त्यांनी आयुष्यभर ऐकलेले असते, आणि भाषा न कळताही "इथे दुसरा माणूस बोलायला लागला" हे ते नातवाच्या आधी सांगतात.

यानंतर आपल्या भाषेतील रॅप ऐकायला घ्यावा, आणि त्याला हेच प्रश्न विचारावेत. मुंबईच्या स्वदेसी या गटात एमसी मवाली हा रॅपर मराठीतून रॅप करतो, आणि आरे येथील आदिवासींच्या प्रश्नावरील त्यांच्या 'वारली रिव्होल्ट' मध्ये प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. तिथे 'मी' कोणाचा, 'आम्ही' कधी येतो आणि जंगलाचे वर्णन ठोक्याच्या कोणत्या जागी पडते, हे पाहण्यासारखे आहे. ठाणे, कळवा, ऐरोलीतील मुले जे मराठी रॅप लिहून इंटरनेटवर टाकतात, त्यांतील बरेचसे अजून स्वतःच्या बढाईत अडकलेले असते. त्यात एखाद्याने आपल्या इमारतीच्या वॉचमनची किंवा रबाळ्याच्या कारखान्यातील रात्रपाळीची गोष्ट सांगितली असेल, तर ती लगेच वेगळी ऐकू येते.

नाझचे २००१ मधील 'रिवाइंड' हे गाणे मात्र सर्वांत शेवटी ठेवावे. त्यात गोळीबाराचा एक प्रसंग शेवटाकडून आरंभाकडे सांगितला आहे. गोळी शरीरातून निघून पिस्तुलात परत शिरते आणि बोललेली वाक्येही उलट्या क्रमाने येतात. ते ऐकून झाल्यावर तीच घटना सरळ क्रमाने मराठीत वहीवर लिहून काढावी, आणि लिहिताना ज्या ज्या जागी कोण कोणाशी बोलत होते याचा घोळ होईल, त्या जागेपासून गाणे पुन्हा लावावे.